सेइकोच्या पलीकडे : एका घड्याळसंग्रहाचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील संग्राहक बाईंनी आपला संग्रह पहिल्यांदा माझ्यासमोर मांडला, तेव्हा त्यात चौदा मनगटी घड्याळे होती आणि चौदाही सेइको या जपानी कंपनीची होती. त्यांपैकी अकरा डायव्हर, म्हणजे पाण्याखाली वापरण्यासाठी बनवलेली, आणि उरलेली तीन वेगळ्या जातीची होती : तासाला ३६,००० ठोक्यांचे, रोज चावी द्यावी लागणारे एक किंग सेइको, १९६९ मध्ये बाजारात आलेल्या ६१३९ या कॅलिबरचा, म्हणजे यंत्राच्या नमुन्याचा, एक स्वयंचलित क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचची सोय असलेले घड्याळ) आणि सत्तरच्या दशकातील एक क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर कंप पावणाऱ्या स्फटिकाने वेळ राखणारे घड्याळ. त्यांचा प्रश्न साधा होता. पुढचे घड्याळ सेइकोचे नसावे, एवढे त्यांनी ठरवले होते. कोणते असावे, हे मात्र त्यांना ठरवता येत नव्हते. त्यांची ओळख पटेल असे तपशील मी येथे वगळले आहेत. घड्याळे आणि निर्णयांचा क्रम मात्र तपशिलाने दिला आहे, कारण एका ब्रँडवर जीव लावलेल्या बहुतेक संग्राहकांपुढे ही अडचण कधी ना कधी येते आणि ती सोडवण्यासाठी मिळणारे सल्ले सहसा ब्रँडच्या नावांपाशीच थांबतात.

आधी हे स्पष्ट करायला हवे की चौदा घड्याळे एकाच ब्रँडची असणे हा माझ्या मते दोष नाही. सेइकोचा इतिहास एवढा रुंद आहे की त्यात एका माणसाची सारी जिज्ञासा सहज सामावते. किंतारो हात्तोरी यांनी १८८१ मध्ये सुरू केलेल्या दुकानातून वाढलेल्या या कंपनीने १९१३ मध्ये जपानमधले पहिले मनगटी घड्याळ बनवले, १९६५ मध्ये १५० मीटर खोलीचे पहिले जपानी डायव्हर आणले आणि २५ डिसेंबर १९६९ रोजी अ‍ॅस्ट्रॉन हे जगातले पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस ठेवले. स्प्रिंगच्या शक्तीवर चालणाऱ्या घड्याळाला क्वार्ट्झचा लगाम लावणारी स्प्रिंग ड्राइव्ह ही यंत्रणाही १९९९ मध्ये याच घराण्यातून आली. इतक्या वेगवेगळ्या वाटांनी वेळेचा पाठलाग करणारे दुसरे नाव शोधायला कष्ट पडतील. एकाच ब्रँडमध्ये राहून बाईंना जे खोल ज्ञान मिळाले होते, ते दहा ब्रँडचे एकेक घड्याळ घेणाऱ्याला मिळत नाही, हे मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगितले.

ते ज्ञान कशा प्रकारचे होते, हे पाहणे पुढच्या घडामोडींसाठी आवश्यक आहे. जुने सेइको पडताळून पाहण्याची पद्धत त्यांना तोंडपाठ होती. मागच्या झाकणावरच्या अनुक्रमांकातला पहिला आकडा उत्पादनवर्षाचा शेवटचा अंक सांगतो आणि दुसरे चिन्ह महिना सांगते. ऑक्टोबरसाठी शून्य आणि नोव्हेंबर-डिसेंबरसाठी इंग्रजी एन व डी ही अक्षरे येतात. यातून दशक कळत नाही. म्हणूनच १९७६ ते १९८८ या काळात निघालेल्या ६३०९-७०४० या मॉडेलच्या, संग्राहकांच्या बोलीतल्या ‘टर्टल’च्या, क्रमांकाचा पहिला आकडा ७ असेल, तर ते घड्याळ १९७७ चे की १९८७ चे, हे झाकणावरच्या आणि तबकडीवरच्या इतर खुणांवरून ठरवावे लागते. तबकडीच्या तळाशी बारीक अक्षरांत तिचा स्वतःचा क्रमांक छापलेला असतो आणि तो कॅलिबरशी व केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाच्या, क्रमांकाशी जुळावा लागतो. या तिन्ही खुणा जुळल्या, काट्यांवरचे आणि तबकडीवरचे ल्यूम (अंधारात चमकणारा लेप) सारखेच म्हातारे झालेले दिसले आणि बेझलची, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कड्याची, चकती मूळची वाटली, की बाई निर्धास्त होत. वेगवेगळ्या मोडक्या घड्याळांचे सुटे भाग जोडून उभे केलेले ६३०९ त्या दुरूनच ओळखत असत. मी स्वतः त्यांच्याकडून यातले बरेच काही शिकलो.

मग बाहेर पडावेसे का वाटले? याला त्यांच्या शेवटच्या तीन खरेद्या कारणीभूत होत्या. पहिली १९६५ च्या डायव्हरची २०२० मध्ये आलेली आधुनिक आवृत्ती, एसपीबी१४३, दुसरी त्याच वर्षी आलेली, १९७० च्या ६१०५-८११० ची म्हणजे ‘विलर्ड’ची नवी आवृत्ती, आणि तिसरी म्हणजे यांपैकी पहिल्याच घड्याळाचा वेगळ्या रंगाच्या तबकडीचा मर्यादित संच. तिन्ही घड्याळे उत्तम आहेत. तिन्हींत ७० तास चालणारे ६आर३५ हे एकच कॅलिबर आहे आणि तिन्ही हाती आल्यावर पहिल्या आठवड्यातच त्यांच्याबद्दल शिकण्यासारखे काही उरले नव्हते. बाईंनी ती कौतुकाने घेतली, एकदोनदा घातली आणि पुन्हा एसकेएक्स००७ या आपल्या जुन्या सेइको डायव्हरकडे वळल्या. आपण संग्रह वाढवत नसून त्याची उजळणी करत आहोत, हे त्यांच्या लक्षात आले होते.

ब्रँड बदलला, नजर तीच

बाहेरची पहिली खरेदी त्यांनी माझ्याशी बोलण्याआधीच केली होती आणि ती पुन्हा विकूनही टाकली होती. ते ट्यूडर या स्विस कंपनीचे ब्लॅक बे फिफ्टी-एट होते : २०१८ मध्ये आलेले, ३९ मिलिमीटर व्यासाचे, २०० मीटर खोलीचे आणि ७० तास चालणाऱ्या क्रोनोमीटर दर्जाच्या, म्हणजे अचूकतेचे प्रमाणपत्र असलेल्या, कॅलिबरचे. घड्याळात खोट काढण्यासारखे काहीही नव्हते. काळी तबकडी, काळे बेझल, पोलादी केस आणि जुन्या डायव्हरची आठवण जागवणारी ठेवण, या सगळ्यांसाठीच त्यांनी ते निवडले होते आणि नेमक्या याच गोष्टी त्यांच्या बहुतेक डायव्हर घड्याळांत आधीपासून होत्या. फिनिशिंग अधिक काटेकोर होते, वेळ अधिक अचूक होती, आणि तरीही मनगटावर पाहताना त्यांच्या मनात रोज एकच तुलना चाले. ते घड्याळ त्यांच्या डोळ्यांपुढे स्वतःच्या रूपात कधी उभेच राहिले नाही. ते सतत ‘सेइकोपेक्षा बरे’ किंवा ‘सेइकोइतके आपले न वाटणारे’ एवढेच राहिले.

संग्राहक ब्रँड ओलांडतो तेव्हा पहिले पाऊल फार वेळा असेच पडते, असे माझे निरीक्षण आहे. नवे नाव निवडताना तो आपल्या सवयीच्या सगळ्या मोजमापांना उतरणारी वस्तू शोधतो आणि ती सापडते, कारण डायव्हर घड्याळांचे मूळ रूप सगळ्या कंपन्यांत जवळपास सारखे आहे. मग ती वस्तू जुन्या प्रेमाशी बरोबरी करू लागते आणि या स्पर्धेत ती क्वचितच टिकते, कारण जुन्या घड्याळाच्या बाजूला वर्षानुवर्षांचा सहवास असतो. ब्लॅक बे ज्याने पहिले डायव्हर म्हणून घेतले असेल, त्याच्यासाठी तेच आयुष्यभराचे घड्याळ ठरू शकते. येथे ते फक्त चुकीच्या जागी आले.

दुसरी खरेदी नेमकी उलट टोकाची होती आणि ती अधिक महागात पडली. डायव्हर नको, सेइको नको, नवेही नको, असे ठरवून बाईंनी पन्नासच्या दशकातील एक छोटेखानी, पातळ, सोनेरी केसचे स्विस घड्याळ एका विक्रेत्याकडून घेतले. तबकडी विलक्षण स्वच्छ होती आणि त्यांना तीच भावली. पुढे एका अनुभवी कारागिराने भिंगाखाली दाखवले की तबकडी पूर्वी कधीतरी खरवडून पुन्हा रंगवलेली होती. सेकंदाच्या लहान वर्तुळाच्या रेषा किंचित जाड होत्या, ब्रँडच्या नावातल्या अक्षरांच्या कडा बोथट होत्या आणि काट्यांत जुने, काळवंडलेले ल्यूम असताना तबकडीवर मात्र ल्यूमचा मागमूसही नव्हता. सेइकोच्या बाबतीत ही शेवटची विसंगती बाईंनी क्षणात पकडली असती. येथे ती डोळ्यांसमोर असूनही त्यांना दिसली नाही, कारण त्या तबकडीच्या तळाशी छापील क्रमांक शोधत होत्या. तो नाही असे पाहून ‘स्विस घड्याळांत अशी पद्धत नसेल’ असे त्यांनी गृहीत धरले आणि तपासणी तिथेच थांबवली. हे गृहीतक बरेचसे बरोबरही होते. चूक एवढीच झाली की नेहमीची पद्धत लागू पडत नाही म्हटल्यावर त्यांनी पद्धतशीर पाहणेच सोडून दिले.

कोणते ज्ञान सोबत येते

या दोन अनुभवांनंतर बाई माझ्याकडे आल्या आणि आमचे पहिले काम खरेदीचे नव्हतेच. त्यांच्या सेइकोच्या ज्ञानातला कोणता भाग सीमेपलीकडे चालतो आणि कोणता चालत नाही, हे आम्ही वेगळे करत बसलो. या प्रकरणातला सर्वांत फलदायी भाग मला तोच वाटतो.

वस्तूचे भौतिक ज्ञान सगळीकडे चालते. पॉलिश करून करून केसच्या धारा बोथट झाल्या आहेत का, क्राउनची (चावी देण्याच्या बाजूच्या बोंडाची) नळी झिजली आहे का, पाणी अडवणारे गॅस्केट कडक पडले आहे का, पट्टा जोडणाऱ्या लगांच्या टोकांपासून टोकांपर्यंतची लांबी आपल्या मनगटाला मानवते का, ठोके मोजणाऱ्या टाइमग्राफरवर ठोक्यांचा आवाका कमी आणि विस्कळीत दिसतो का, या प्रश्नांना ब्रँड नसतो. ल्यूमचे वय ओळखण्याची नजरही याच वर्गातली आहे. ही सगळी पुंजी बाईंकडे भरपूर होती आणि ती आपल्याजवळ आहे याचाच त्यांना विसर पडला होता.

नोंदींचे ज्ञान मात्र त्या त्या घराण्यापुरतेच असते. अनुक्रमांक वाचण्याची सेइकोची रीत अन्य कंपन्यांना लागू होत नाही. अनेक जुन्या स्विस घड्याळांत केसचा संदर्भ क्रमांक झाकणाच्या आतल्या बाजूला असतो, मूव्हमेंटवर, म्हणजे आतल्या यंत्रावर, वेगळा क्रमांक असतो आणि दोन्ही पाहण्यासाठी घड्याळ उघडावेच लागते. लाँजिनसारख्या काही कंपन्या जुन्या नोंदवह्या पाहून त्या क्रमांकाच्या घड्याळाची माहिती देतात, ही सोय जुन्या सेइकोच्या संग्राहकाला ठाऊकच नसते. म्हणून झाकण उघडून दाखवायला विक्रेता तयार नसेल, तर तिथेच व्यवहार थांबवावा, हा नियम बाईंनी स्वतःसाठी केला.

याहून खोल फरक ‘कॅलिबर कोणाचे’ या प्रश्नाचा आहे. सेइकोच्या संग्राहकाच्या मनात ब्रँड आणि यंत्र यांची गाठ पक्की असते, कारण सेइको आपली यंत्रे स्वतः बनवते. स्विस परंपरेत केस, तबकडी आणि मूव्हमेंट वेगवेगळ्या कार्यशाळांतून येऊन एका नावाखाली एकत्र जुळणे ही जुनी आणि प्रतिष्ठित रीत आहे. ओमेगाच्या ज्या स्पीडमास्टरला १९६५ मध्ये नासाने अंतराळ मोहिमांसाठी मान्यता दिली, त्याचे ३२१ हे कॅलिबर लेमानिया या यंत्रे बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या रचनेवर आधारलेले होते. रोलेक्सचे डेटोना १९८८ पासून २००० पर्यंत झेनिथ कंपनीच्या एल प्रिमेरो या कॅलिबरवर बेतलेल्या यंत्रावर चालत होते. आणि जेजेर-लकूल्त्रचे ९२० हे अतिपातळ स्वयंचलित कॅलिबर तर १९७२ च्या ओदेमार पिगेच्या रॉयल ओकमध्ये आणि १९७६ च्या पाटेक फिलिपच्या नॉटिलसमध्ये वापरले गेले, पण जेजेर-लकूल्त्रने ते स्वतःच्या नावाच्या घड्याळात बसवलेच नाही. बाईंना हे ऐकून आधी धक्का बसला आणि मग त्यांना त्यात रस वाटू लागला. ‘घरचे यंत्र’ ही त्यांची अट इतर ब्रँडकडे पाहताना किती खऱ्या चांगल्या घड्याळांना दाराबाहेर ठेवत होती, हे त्यांनाच उमगले. ईटीए या स्विस यंत्रनिर्मात्या कंपनीच्या २८२४-२ सारखे सर्वत्र आढळणारे यंत्र असलेल्या घड्याळाकडे त्या आजवर तुच्छतेने पाहत असत. दुरुस्तीच्या दृष्टीने तेच त्याचे बळ आहे, हे त्यांनी मान्य केले. त्यांच्या एसकेएक्स००७ मधले ७एस२६ हे कॅलिबर बिघडले तर त्याच कुळातले नवे यंत्र सहज मिळते, म्हणून तर ते घड्याळ त्या निर्धास्तपणे रोज वापरत होत्या.

नावाशिवाय लिहिलेली वाक्ये

यानंतर मी त्यांना एक काम दिले. प्रत्येक घड्याळ आपल्याकडे का आहे, ते एका वाक्यात लिहायचे. त्या वाक्यात ब्रँडचे नाव, मॉडेलचे नाव किंवा टोपणनाव येता कामा नये आणि ‘दुर्मीळ’, ‘सुंदर’, ‘प्रतिष्ठित’ ही विशेषणेही येता कामा नयेत. त्यांना हे काम एका बैठकीत जमले नाही. परत आल्या तेव्हा अकरा वाक्ये लिहून झाली होती आणि तीन जागा रिकाम्या होत्या.

रिकाम्या जागा अपेक्षेप्रमाणे शेवटच्या तीन खरेद्यांच्या होत्या. अकरा वाक्यांपैकी आठ पाण्याबद्दल होती आणि ती वाचताना आम्हा दोघांनाही आश्चर्य वाटले, कारण त्यांत समुद्र, पोहणे किंवा साहस यांचा उल्लेख कुठेही नव्हता. त्यांत गॅस्केटबद्दल लिहिले होते, चारच्या आकड्यापाशी सरकवलेल्या क्राउनबद्दल लिहिले होते, ६१०५ च्या क्राउनची अडकवण्याची कळ आणि नंतरच्या घड्याळांतला आटे फिरवून बसणारा क्राउन यांच्यातल्या फरकाबद्दल लिहिले होते. बाहेरचा दाब आत शिरू न देण्याची युक्ती कोणी कशी योजली, हाच त्यांच्या आठ घड्याळांचा विषय होता. उरलेली तीन वाक्ये वेळेचे तुकडे किती बारीक करता येतात याबद्दल होती : ३६,००० ठोके, क्रोनोग्राफ सुरू होताना सेकंदकाट्याला धक्का बसू न देणारा उभा क्लच आणि क्वार्ट्झचा स्फटिक.

म्हणजे हा संग्रह सेइकोचा होता खरा, पण त्याचे विषय सेइकोचे नव्हते. ते दोन प्रश्न होते, आणि सेइकोने त्यांना दिलेली उत्तरे बाईंनी जमवली होती. एकदा हे दिसल्यावर बाहेर कुठे जायचे, हे ठरवण्यासाठी ब्रँडची यादी लागणार नव्हती. हेच प्रश्न दुसऱ्या कोणी पूर्णपणे वेगळ्या रीतीने सोडवले आहेत का, एवढेच शोधायचे होते. ‘प्रत्येक संग्रहात असलीच पाहिजेत’ अशा याद्यांत १९३१ चे उलटणारे रिव्हर्सो आणि १९१७ चे कार्तिए टँक हमखास असतात. दोन्हींबद्दल मला मनापासून आदर आहे, तरीही त्या क्षणी ती बाईंसाठी मुक्कामाची ठिकाणे नव्हती, असे माझे मत मी दिले आणि त्यांनी ते स्वीकारले.

दाबाला विरोध न करणारे घड्याळ

पाण्याच्या प्रश्नाचे सर्वांत वेगळे उत्तर रशियातल्या चिस्तोपोलच्या वोस्तोक कारखान्याने १९६७ मध्ये अ‍ॅम्फिबिया या घड्याळात दिले. बहुतेक डायव्हर घड्याळांत झाकण आटे फिरवून घट्ट आवळतात आणि गॅस्केट सुरुवातीपासूनच दाबलेले राहते. अ‍ॅम्फिबियाचे झाकण सपाट चकतीसारखे असते. ते रुंद, जाड गॅस्केटवर नुसते टेकते आणि एक वेगळे आटेदार कडे त्याला जागेवर धरते. झाकण स्वतः फिरत नसल्यामुळे गॅस्केट पिळवटत नाही आणि घड्याळ खोल जाईल तसे बाहेरचे पाणीच झाकणाला गॅस्केटवर अधिकाधिक जोराने दाबते. वरची जाड अ‍ॅक्रिलिक काचही दाबाखाली किंचित लवून आपल्या कडा केसमध्ये अधिक घट्ट रुतवते. पाण्याचा जोर जितका जास्त तितकी बंदिस्ती पक्की, आणि हे सारे फार बारीक यंत्रकामाची गरज न पडता २०० मीटरपर्यंत साधले जाते.

बाईंनी ते विकत घेण्याआधी ओळखीच्या संग्राहकाकडून काही दिवसांसाठी मागून आणले. आटे सोडवल्यावर क्राउन डळमळू लागला तेव्हा तो मोडला असावा, असे त्यांना वाटले. तो डळमळणे हे रचनेचाच भाग आहे. तिथे क्राउन आणि आतली दांडी यांच्यात एक सैल जोड मुद्दाम ठेवलेला असतो, त्यामुळे बाहेरचा धक्का दांडीपर्यंत पोहोचत नाही आणि चावी देण्यासाठी क्राउन किंचित ओढून धरावा लागतो. बेझल दोन्ही दिशांना फिरते आणि टिकटिक करत अडत नाही. ठोके तासाला १९,८०० एवढेच. सेइकोच्या फूटपट्टीने मोजले असते तर या प्रत्येक बाबीला उणे गुण पडले असते. पण त्यांच्या वाक्याच्या कसोटीवर ते घड्याळ इतके अचूक उतरले की त्यांनी दुसऱ्या प्रकारची तुलना केलीच नाही. ब्लॅक बेच्या वेळी जे घडले नव्हते, ते येथे घडले, आणि तेही कितीतरी साध्या घड्याळाच्या बाबतीत.

मागून आणून वापरण्याचा हा टप्पा मी मुद्दाम अधोरेखित करतो. अनोळखी ब्रँडचे घड्याळ छायाचित्रांवरून आणि मोजमापांवरून ठरवणे जितके सोपे, तितकेच फसवे असते. आपल्या ब्रँडमध्ये आकडा वाचला की वस्तू मनगटावर कशी बसेल याचा अंदाज येतो, कारण त्या घराण्याच्या लगांचा बाक आणि केसची खोली हाताला ठाऊक असते. बाहेरच्या ब्रँडमध्ये तोच आकडा काहीच सांगत नाही.

गुणगुणणारे घड्याळ

दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे वेळेचे बारीक तुकडे करण्याचे उत्तर शोधताना आम्ही १९६० कडे गेलो. क्वार्ट्झच्या आधी नऊ वर्षे बुलोव्हा या अमेरिकी कंपनीने मॅक्स हेट्झेल या स्विस अभियंत्याच्या रचनेवर आधारलेले अ‍ॅक्युट्रॉन आणले. त्यात बॅलन्स व्हील, म्हणजे घड्याळाची लय राखणारे पुढेमागे झुलणारे चाक, नाही. त्या जागी सेकंदाला ३६० वेळा कंप पावणारा एक छोटा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) आहे, जो बॅटरी आणि एका ट्रान्झिस्टरच्या मदतीने हलत राहतो आणि ३०० दातांच्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या चाकाला एकेक दात पुढे ढकलतो. महिन्याला एका मिनिटाच्या आत फरक राहील अशी हमी तेव्हा दिली जात असे. अ‍ॅस्ट्रॉनने १९६९ मध्ये हा फरक महिन्याला पाच सेकंदांवर आणला आणि नादकाट्याचे युग मावळले. किंग सेइको आणि क्वार्ट्झ यांच्यामधली ही पायरी बाईंच्या संग्रहात नव्हती आणि सेइकोमध्ये राहून ती मिळणारही नव्हती.

हे घड्याळ घेताना मात्र मी सावधगिरीचा आग्रह धरला. २१४ या मूळ कॅलिबरसाठी त्या काळी पाऱ्याची १.३५ व्होल्टची बॅटरी वापरत. ती आता मिळत नाही आणि आजची १.५५ व्होल्टची बॅटरी घातल्यावर योग्य जुळवणी केली नाही, तर ढकलणारी कळ एका वेळी एकाऐवजी दोन दात सरकवू शकते आणि घड्याळ भलतेच पुढे धावू लागते. त्या चाकाचे दात नेहमीच्या साधनांचा नुसता धक्का लागूनही मोडू शकतात. बाई आपल्या ७एस२६ चे तेलपाणी स्वतः करत असत. येथे तसा हात घालायचा नाही, हे आधीच ठरले. ज्याने नादकाट्याची घड्याळे दुरुस्त केली आहेत असा कारागीर आधी गाठायचा, त्याने हे काम हाती घेण्याची तयारी दाखवली तरच घड्याळ शोधायचे, असा क्रम आम्ही ठेवला. बहुतेक संग्राहक तो उलटा ठेवतात आणि मग सुंदर घड्याळ बंद अवस्थेत पेटीत पडून राहते. त्यांनी अखेर घेतलेले अ‍ॅक्युट्रॉन त्याच कारागिराने तपासून, नव्या बॅटरीसाठी जुळवून दिलेले आहे. लाकडी मेजावर ठेवले की नादकाट्याचा गुणगुणता सूर मेजामुळे मोठा होतो आणि खोलीभर ऐकू येतो. सेकंदकाटा न थबकता सरकत राहतो. पहिल्या रात्री त्यांनी मला फोन करून तो सूर ऐकवला.

काय गेले, काय राहिले

जागा आणि देखभाल यांचा विचार करून बाईंनी सहा सेइको दुसऱ्या संग्राहकांकडे जाऊ दिले. तीन रिकाम्या जागांची घड्याळे आधी गेली आणि त्यांच्याबद्दल दुमत नव्हते. पुढची तीन त्या आठ वाक्यांपैकी एकच वाक्य पुन्हा सांगणारी होती आणि त्यांत त्यांचे सुरुवातीचे ६३०९ होते. येथे माझे मत वेगळे होते आणि अजूनही आहे. त्या घड्याळाची बंदिस्ती नंतरच्या घड्याळांतही आढळते हे खरे, पण तबकडी, काटे, बेझल आणि झाकण असे सगळे मूळ भाग शाबूत असलेले ते त्यांच्याकडचे एकमेव ६३०९ होते आणि इतर नमुने पडताळायला ते मापदंड म्हणून उपयोगी पडत असे. बाईंचे म्हणणे असे की ते घड्याळ आता त्यांना काही शिकवत नाही आणि ज्या तरुण संग्राहकाकडे ते गेले त्याला ते बरेच काही शिकवेल. त्यांचा युक्तिवाद मला पटला नाही. त्यांची भावना मात्र मी समजू शकतो. पुन्हा रंगवलेल्या तबकडीचे स्विस घड्याळ त्यांनी दोष लेखी सांगून, तोटा सोसून विकले. हे त्यांनी केले नसते, तर तोच दोष आणखी एखाद्या नवख्याच्या वाट्याला गेला असता.

आता त्यांच्याकडे आठ सेइको, एक अ‍ॅम्फिबिया आणि एक अ‍ॅक्युट्रॉन अशी दहा घड्याळे आहेत. पाण्याच्या प्रश्नातला एक धागा अजून सुटलेला नाही, तो हेलियमचा. दिवसेंदिवस दाबाच्या कोठडीत राहून काम करणाऱ्या पाणबुड्यांच्या श्वसनवायूतला हेलियम घड्याळात शिरतो आणि दाब उतरवताना बाहेर पडायला वाट न मिळाल्यास काच उडवून देतो. रोलेक्सने १९६७ च्या सी-ड्वेलरमध्ये यासाठी केसला एकदिशी झडप बसवली आणि आत शिरलेल्या हेलियमला बाहेर जाऊ दिले. सेइकोला १९६८ मध्ये एका पाणबुड्याचे तक्रारीचे पत्र आले आणि तिथून सुरू झालेल्या कामाचे फळ म्हणून १९७५ मध्ये ६०० मीटरचे टायटेनियम डायव्हर आले, ज्याची केस मागून उघडतच नाही आणि ज्याचे इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचे गॅस्केट हेलियमला आत शिरूच देत नाही. एकाच संकटाची ही दोन परस्परविरुद्ध उत्तरे आहेत. बाईंना दोन्ही शेजारी ठेवायची आहेत, पण एका वेळी एकच घेणे शक्य आहे आणि कोणते आधी घ्यावे याचा निर्णय झालेला नाही. सध्या त्या झडपेच्या घड्याळांचे केस क्रमांक आणि तबकड्यांचे प्रकार अभ्यासत आहेत, वेगवेगळ्या काळातली घड्याळे मागून आणून पाहत आहेत आणि झडप कोणत्या सर्व्हिसिंगमध्ये बदलावी लागते, याची विचारणा कारागिरांकडे करत आहेत. सेइकोबाबत असा अभ्यास त्यांना करावा लागणार नाही. म्हणूनच झडपेच्या घड्याळाचा अभ्यास पूर्ण होईपर्यंत कोणतीच खरेदी करायची नाही, असे त्यांनी ठरवले आहे.